नायकाच्या मृत्यूनंतरची लढाई : 'सिंहगड' ते 'छावा'

ऐतिहासिक भव्यपटांविषयी मराठीत जी चर्चा होते ती बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहते. चित्रपट इतिहासाला धरून आहे की नाही, हा पहिला प्रश्न. आणि त्याने किती कोटी मिळविले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहाससंशोधकाने द्यावयाचे, दुसऱ्याचे वितरकाने. साहित्यसमीक्षेला या दोहोंच्या मधली एक जागा मोकळी सापडते. ती जागा कथनाच्या रचनेची आहे. एखादी घटना सांगताना काय निवडले आणि काय गाळले, याहूनही कोणती गोष्ट कोठे ठेवली, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो. शौर्यकथेच्या संदर्भात तो अगदी साध्या शब्दांत मांडता येईल : नायक केव्हा मरतो? लढाई संपल्यावर, की लढाई चालू असताना?

या दृष्टीने तानाजी मालुसरे यांच्या कथेइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. ४ फेब्रुवारी १६७० रोजी रात्री कोंढाण्यावर झालेल्या या झुंजीचे चित्रपट १९२३, १९३३, २०२० आणि २०२३ अशा चार वेळा झाले. त्यापूर्वी बखर, पोवाडा आणि कादंबरी या तिन्ही प्रकारांतून ती कथा गेलेली होती. एकच घटना शंभर वर्षांच्या अंतराने पडद्यावर आली, तेव्हा तिच्या रूपबंधात जो पालट झाला त्यावरून भव्यपट या प्रकाराचाच पालट कळू शकतो.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत हा प्रसंग थोडक्यात येतो. निवडक मावळे वानरांप्रमाणे कडा चढून जातात, झुंज होते, तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. यानंतर बखर थांबत नाही. सुभेदार पडल्यावर सूर्याजी लोकांना सावरतो, गड घेतला जातो आणि आग लावून राजगडास खूण केली जाते. एक गड मिळाला पण दुसरा गमावला, अशा आशयाचे महाराजांचे उद्गारही या बखरीत आहेत. त्यात सिंह नाही. सिंहाचे रूपक पुढील काळाने घडविले. 'सिंहगड' हे नाव तर १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारातही आढळते. म्हणजे ज्या वाक्याने मराठी मनात ही घटना कोरली गेली, ते वाक्यच परंपरेची निर्मिती आहे. हे सांगण्याचा हेतू परंपरेला खोटे पाडण्याचा नाही. घटनेचे कथन होते त्या क्षणापासून तिच्यात रचना शिरते, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ही रचना ऐन बहरात आलेली दिसते. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहामुळे हा पोवाडा छापील स्वरूपात सर्वांपर्यंत पोहोचला. आजच्या चित्रपटांतील अतिशयोक्तीवर नाक मुरडणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा. त्यातला उदेभान माणूस नव्हेच, राक्षस आहे. त्याचा आहार अचाट, त्याच्या बायका अठरा, त्याचा हत्ती मत्त, त्याचा सिद्दी सरदार तसाच दांडगा. कडा चढण्यासाठी यशवंती घोरपड येते ती याच परंपरेतून. अद्भुताचे इतके भरघोस पीक ज्या पोवाड्यात आहे, त्याला वास्तववादाचा आदर्श कोणी मानणार नाही. परंतु अद्भुताच्या या गर्दीतही शाहिराने एक गोष्ट हलविलेली नाही. तानाजी उदेभानाच्या हातून पडतो आणि उदेभान तेव्हा जिवंत असतो. त्याला मारतो तो ऐंशी वर्षांचा शेलारमामा. नायक गेल्यावर एक म्हातारा पुढे होतो आणि पळू पाहणाऱ्या मावळ्यांना सूर्याजी थांबवितो. गडावरून खाली सोडलेले दोर कापल्याची कथा याच ठिकाणची. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार मराठी माणूस परीक्षेपासून लग्नापर्यंत कशालाही वापरतो. त्या वाक्प्रचारात जतन होऊन राहिला आहे तो नायकाच्या पराक्रमाचा क्षण नव्हे, नायक पडल्यानंतरचा क्षण आहे.

तेव्हा पोवाड्याच्या रूपबंधात नायकाचा मृत्यू हा मध्यबिंदू आहे. त्याच्या अलीकडे एकाचा पराक्रम, पलीकडे अनेकांचा. श्रोत्याची परीक्षा पलीकडच्या भागात होते, कारण तेथे त्याच्यासारखीच सामान्य माणसे उभी असतात. शाहीर स्वतःही पलीकडचाच. जो वाचला, ज्याने ऐकले, जो आता सांगतो आहे, अशा साक्षीदाराचा तो प्रतिनिधी होय.

हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीने मृत्यूची ही वार्ता शीर्षकातच देऊन टाकली. शेवट आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी कमलकुमारीचे उपकथानक रचले. उदेभानाच्या तावडीत सापडलेली ही रजपूत स्त्री आणि तिचा सती जाण्याचा निर्धार यांत एकोणिसाव्या शतकातील कादंबरीवाचनाचे संस्कार स्पष्ट दिसतात. कोंढाण्याची लढाई राजकारणाकडून एका स्त्रीच्या सुटकेकडे किंचित कलते ती येथे. हे उपकथानक पुढे फार टिकाऊ ठरले. २०२० च्या हिंदी चित्रपटातही रजपूत विधवा कमल आहेच, मात्र ती कोणत्या कादंबरीतून चालत आली याची आठवण फारशा प्रेक्षकांना नसावी.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट केला तो या कादंबरीवरूनच. कृत्रिम प्रकाशात चित्रित केलेल्या रात्रीच्या दृश्यांसाठी तो नावाजला गेला. बाबूराव मुळात नेपथ्यकार, चित्रकार आणि शिल्पकार. गड, वाडा, पागोटे, ढाल या वस्तूंचे वजन त्यांना हाताने माहीत होते. दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांतील चमत्कार कॅमेऱ्याच्या करामतींतून उभे राहत. पेंटरांना चमत्कारापेक्षा वास्तूची आणि वेशाची प्रतीती हवी होती. मराठी भव्यपटाच्या या दोन वाटा आरंभीच फुटल्या. पौराणिकाने अद्भुत घेतले, ऐतिहासिकाने दगड आणि कापड घेतले. आपल्या समीक्षेने ही विभागणी पुरेशी गांभीर्याने घेतलेली नाही, कारण चित्रपट म्हटला की तिला संवाद आणि गाणी तेवढी ऐकू येतात.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फार थोडे आज पाहता येते. त्यामुळे पेंटरांच्या 'सिंहगडा'तील दृश्यरचनेविषयी ठामपणे बोलणे धाडसाचे होईल. एक तपशील मात्र बोलका आहे. शेलारमामाची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. वय अवघे बावीसच्या आसपास. कंपनीतील उमद्या तरुणाला ऐंशीच्या म्हाताऱ्याची दाढी लावून उभे केले, यावरून त्या पात्राचे मोल काय होते ते उमगते. पुढे शांतारामांनीच प्रभातसाठी १९३३ मध्ये 'सिंहगड' बोलपट दिग्दर्शित केला. त्याआधी १९३० मध्ये त्यांच्या शिवाजीविषयक मूकपटाला 'स्वराज्याचे तोरण' हे नाव सेन्सॉरमुळे सोडावे लागले आणि तो 'उदयकाल' या सौम्य नावाने झळकला. सरकारला भीती पडद्यावरील तलवारींची नव्हती, शीर्षकातील एका शब्दाची होती. मेलेल्या नायकाचे काम पुढे कोणी करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या प्रेक्षकाच्या मनात वर्तमानकाळी होते.

भालजी पेंढारकर यांनी हा प्रकार जवळजवळ आयुष्यभर सांभाळला. 'नेताजी पालकर' (१९३९), 'बहिर्जी नाईक' (१९४३), 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'पावनखिंड' (१९५६), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४), 'गनिमी कावा' (१९८१) ही नावे नुसती वाचली तरी त्यांच्या इतिहासदृष्टीचा कल ध्यानात येतो. त्यांना छत्रपतींइतकेच छत्रपतींच्या भोवतीचे लोक महत्त्वाचे वाटतात. सेनापती, हेर, खिंड, शेवटी एक डावपेचच. शीर्षकाचा मान यांना मिळतो. पावनखिंडीची कथा तर या रूपबंधाची दुसरी बाजूच होय. बाजीप्रभूला जिंकावयाचे नाहीच, अडवून धरावयाचे आहे. कार्य पूर्ण झाले की नाही हे त्याला स्वतः पाहता येत नाही. ते दूरवरच्या विशाळगडावरील तोफांच्या आवाजावरून कळते. नायकाच्या पराक्रमाचा अर्थ दुसऱ्या कोणाच्या तरी पोहोचण्यात आहे. भालजींच्या चित्रपटांचे यामुळे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यांतील भाषणे लांबतात, पात्रे रंगमंचावर उभी राहिल्यासारखी उभी राहतात, खलपात्रांच्या मनात डोकावण्याची इच्छा फारशी दिसत नाही. पण गर्दीतल्या माणसाला त्यांच्याकडे चेहरा असतो. तो कधी कोल्हापूरच्या तालमीतला असतो, कधी शेतातला, आणि घोड्यावर बसलेला असला तर त्याला खरोखरच घोड्यावर बसता येत असते.

जागतिक पातळीवर मात्र विसाव्या शतकाच्या शेवटी भव्यपटाचा एक निराळा साचा घट्ट झाला. रिडली स्कॉट यांचा 'ग्लॅडिएटर' (२०००) हे त्याचे सुबक उदाहरण. मॅक्सिमस आधीच जखमी आहे, तरी तो कॉमोडसला स्वहस्ते मारतो आणि मगच कोसळतो. मृत्यू अटळ, पण तो कार्यसमाप्तीनंतर. सुपरहिरोपटांनीही हीच तडजोड पत्करली. 'अॅव्हेंजर्स : एण्डगेम' (२०१९) मध्ये टोनी स्टार्क मरतो, परंतु शत्रूचा संपूर्ण नाश करणारी चुटकी त्याच्याच बोटांनी वाजविल्यावर. त्याच्या मृत्यूनंतर कोणालाही लढावे लागत नाही, फक्त शोक करावा लागतो. एस. एस. राजमौली यांच्या 'बाहुबली'ने (२०१५, २०१७) याहून चतुर तोडगा काढला. तेथे अमरेंद्र बाहुबली विश्वासघाताने मरतो आणि उरलेले काम पुढची पिढी करते. रचना जुनीच वाटते. पण पुत्र आणि पिता हे दोघेही एकच नट. मेलेला नायक त्याच चेहऱ्याने परत येतो. पुढच्या पिढीच्या हाती कार्य सोपविल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ते कोणाच्याच हाती दिलेले नसते. झॅक स्नायडर यांचा 'थ्री हंड्रेड' (२००६) हा या संदर्भात काहीसा अपवाद ठरतो. देहपूजेत तो कोणालाही हार जाणारा नसला, तरी लिओनायडस मेल्यावर मागे राहिलेला साक्षीदार ती कथा सांगतो आणि पुढच्या लढाईला निघतो. ज्या चित्रपटाला सर्वांत उथळ म्हणून हिणवले गेले त्याने जुन्या रूपबंधाची खूण जपावी, ही गंमतच.

ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी : द अनसंग वॉरियर' १० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्यापुढे हा साचा तयार होता. चित्रपट कंटाळवाणा नाही. कड्यांचे, दोरांचे, अंधारातील मशालींचे त्रिमितीतील दर्शन परिणामकारक आहे आणि सैफ अली खान यांचा उदयभान पोवाड्यातल्या राक्षसाच्या जातकुळीचा आहे. 'नागिन' नावाची अजस्र तोफ गडावर आणली जाते. इतिहासात ती शोधण्यात अर्थ नाही, आणि शाहिराच्या हत्तीला जो न्याय लावला तोच तिलाही लावावा. आक्षेप अद्भुतावर नाहीच. आक्षेपाची जागा शेवटच्या काही मिनिटांत आहे. हात तुटलेला तानाजी येथे आधी पडत नाही. तो उदयभानाला त्या तोफेसकट कड्यावरून ढकलतो आणि मग प्राण सोडतो. मध्यबिंदूवरचा मृत्यू सरकून टोकाला गेला. एवढा एक पालट केला की शेलारमामाला करावयाला काहीच उरत नाही. तो पडद्यावर आहे, त्याला नाव आहे, त्याला संवाद आहेत. त्याचे कार्य मात्र काढून घेतले आहे. सूर्याजीचेही तेच. ज्या लढाईने भाषेला एक वाक्प्रचार दिला, ती लढाई चित्रपटातून निघून गेली आणि बहुतेकांना तिची उणीव जाणवलीही नाही.

असे का झाले याची कारणे दिग्दर्शकाच्या वैयक्तिक आवडीनिवडीत शोधू नयेत. तारांकित नटाभोवती उभारलेल्या चित्रपटात तो नट शेवटची वीस मिनिटे मृत असणे व्यापाराला मानवत नाही. दुसरे कारण प्रेक्षकाचे. हिंदी चित्रपटाचा प्रेक्षक देशभर पसरलेला असतो. मालुसरे, शेलार, बांदल, जेधे या आडनावांमागची गावे, वतने आणि सोयरिकी त्याला अपरिचित. मराठी प्रेक्षकाला एका नावात जे कळते ते तेथे समजावून सांगावे लागते. समजावण्यापेक्षा वगळणे सोपे जाते आणि सर्व अर्थ एकाच देहावर गोळा होतो. तिसरे कारण तंत्राचे. संगणकाने सैन्याची संख्या वाढविता येते, माणसांची नाही. थोड्याशा माणसांच्या हजारो प्रती निघाल्या की गर्दी दाट होते, पण तिच्यातून पुढे होऊन शत्रूवर चालून जाईल असा म्हातारा त्या गर्दीत नसतो.

मराठीत दिग्पाल लांजेकर यांनी 'फर्जंद' (२०१८) पासून सुरू केलेली शिवकालीन चित्रपटांची मालिका या पार्श्वभूमीवर पाहावी. 'पावनखिंड' (२०२२) मध्ये बाजीप्रभूंच्या बरोबरीने फुलाजी, रायाजी आणि कोयाजी बांदल यांना स्वतंत्र अस्तित्व देण्याची धडपड आहे. 'सुभेदार' (२०२३) हा तानाजींच्या कथेचा पुन्हा एकदा मराठीत झालेला आविष्कार. गोंधळ, भारूड, पोवाडा यांच्याशी असलेले नाते हे चित्रपट तोडू इच्छित नाहीत. अर्थात इच्छा आणि सिद्धी यांत अंतर राहते. प्रत्येक मावळ्याला मंद गतीच्या चित्रणात गर्जना करावयास लावले म्हणजे समूह उभा राहतो असे नाही. कित्येकदा एका महानायकाऐवजी दहा छोटे महानायक उभे राहतात.

लक्ष्मण उतेकर यांच्या 'छावा'ने (१४ फेब्रुवारी २०२५) हा प्रश्न अधिक तीव्र केला. संभाजी महाराजांच्या प्रतिमेचा इतिहास स्वतःच एक दीर्घ वाङ्मयीन प्रकरण आहे. ज्यांच्या पूर्वजाला संभाजी महाराजांनी देहदंड दिला त्या चिटणीस घराण्यातील मल्हार रामराव यांची बखर, तिच्यावर पोसलेली नाटके, गडकऱ्यांचे अपुरे 'राजसंन्यास', भालजींचा 'थोरातांची कमळा' (१९४१) या मार्गाने एक उच्छृंखल, रंगेल युवराज रूढ झाला. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने तो पाया उखडला. शिवाजी सावंत यांची 'छावा' ही कादंबरी १९७९ मध्ये आली ती या संशोधनाच्या पाठबळावर, आणि 'बुधभूषण'कर्त्या राजपुरुषाचे मन तिने मराठी घराघरांत नेले. कादंबरीचा विस्तार बालपण, आग्रा, घरातील कलह, राज्यकारभार असा ऐसपैस आहे. चित्रपट बुऱ्हाणपूरवरील स्वारीपासून उघडतो आणि छळाच्या प्रदीर्घ दृश्यांकडे वेगाने जातो. मनाची कादंबरी देहाचा चित्रपट झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रदर्शनापूर्वी आक्षेप आल्यामुळे लेझीमचे दृश्य गाळण्यात आले, हेही येथे नोंदवावे. राजा नाचला तर प्रतिमेला धक्का बसतो, या कल्पनेत माणसाला पुतळ्याच्या मापाने मोजण्याची सवय दिसते. १९३० मध्ये कात्री सरकारच्या हाती होती, आता ती प्रेक्षकाच्या नावाने कोणीही उचलू शकतो.

'छावा'तील नायक शत्रूला मारून मरत नाही. इतिहासाने ती सोय ठेवलेलीच नव्हती. ११ मार्च १६८९ रोजी झालेला हा मृत्यू कोणत्याही साच्यात बसविता येत नाही, आणि म्हणून हा चित्रपट 'तान्हाजी'पेक्षा गंभीर परिणाम करतो. पण त्या देहाच्या यातनांवर सगळा भार टाकून तो जवळजवळ तेथेच थांबतो. कथा जेथे थांबविली तेथे प्रेक्षकाच्या हाती काय उरते? पोवाडा ऐकून उठणाऱ्याच्या हाती शेलारमामाची तलवार असे, कारण लढाई कथनातच पूर्ण झालेली असे. येथे क्षोभ अपुरा राहतो आणि त्याची पूर्ती शोधण्याचे काम नाट्यगृहाबाहेर जाते. मार्च २०२५ मध्ये खुलताबाद येथील औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात बोलताना या चित्रपटाने लोकभावना जागृत झाल्याचा उल्लेख केला. एखाद्या दंगलीचे कारण चित्रपटात शोधणे भाबडेपणाचे होईल. तिची कारणे अनेक आणि बहुतांशी वर्तमानातली असतात. परंतु तीनशे छत्तीस वर्षांपूर्वीची लढाई अजून लढावयाची राहिली आहे असे जर कोणाला वाटले असेल, तर ती लढली गेली होती हे त्याला पडद्यावर दिसले नव्हते, ही गोष्ट समीक्षकाला दृष्टीआड करता येत नाही.

ती लढली गेली होती, आणि अठरा वर्षे लढली गेली होती. राजाराम जिंजीला निघून गेले, रायगड पडला, येसूबाई कैदेत गेल्या. राजा दूर, खजिना रिता, गड एकामागून एक जात असलेले. त्या काळात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना उसंत घेऊ दिली नाही. १७०० नंतर ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. औरंगजेब १७०७ मध्ये दक्षिणेतच मरण पावला. मराठ्यांच्या इतिहासातील नायकाच्या मृत्यूनंतरची सर्वांत मोठी लढाई हीच. मोठ्या पडद्यावर तिच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडे आले, कारण तिला एक चेहरा नाही. तिच्यात भांडणे आहेत, फितुरी आहे, वतनांसाठी घासाघीस आहे, खुद्द संताजीचा आपल्याच माणसांच्या हातून झालेला अंत आहे. तारांकित नटाला ती अंगावर घेता येणार नाही.

सभासदाने आपली बखर लिहिली ती याच धामधुमीत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजारामांच्या आज्ञेवरून, जिंजीत. वर्षानुवर्षे मोगलांच्या वेढ्यात असलेल्या त्या किल्ल्यावर बसून त्याने कोंढाण्याची हकीकत कागदावर उतरविली आणि सुभेदार पडल्यावर सूर्याजीने लोक कसे सावरले ते न विसरता नोंदविले.